ऑर्लंडोचं ॲनिमल किंगडम: आई-बाबा आणि मुलांना घेऊन एक दिवस कसा आखावा?

सायली_केरी

नमस्कार मंडळी,

जूनमध्ये शाळा सुटल्या की आम्ही नॉर्थ कॅरोलायनाहून ऑर्लंडोला जातोय. आई-बाबा मार्चपासून इकडेच आहेत, तेही सोबत. डिस्नीच्या चार पार्कांपैकी एकच करायचं आणि ते ॲनिमल किंगडम, एवढं पक्कं आहे. त्याला कारण बाबा. ते वनखात्यातून निवृत्त झाले. निम्मी नोकरी चंद्रपूर जिल्ह्यात, उरलेली बरीचशी मेळघाटात. राजवाडे, राजकन्या, आतषबाजी यांत त्यांना रस नाही. पण "जिराफ मोकळा चरताना एकदा बघायचाय" असं परवा जेवताना म्हणाले. स्वतःहून काही मागणारा माणूस नाही, त्यामुळे हा दिवस मला त्यांच्यासाठी नीट करायचाय.

बाकी मंडळी: आई, ६७ वर्षांची, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, दुसरा कुरकुरतो. मुलगी नऊ वर्षांची, तिला सगळ्या मोठ्या राईड्स हव्यात. मुलगा चार वर्षांचा, उंची ३९ इंच. मी आणि नवरा. आई-बाबा शाकाहारी, बाहेर कांदा-लसूण चालतो पण अंडं चालत नाही.

उन्हात एवढं चालणं आईला झेपेल का, लेकीच्या राईड्स आणि बाबांचे प्राणी एका दिवसात बसतील का, आणि खाण्याचं काय करावं, हे मुख्य प्रश्न. व्हीलचेअरचं नाव काढलं की आई गप्प होते, त्याबद्दलही कुणाचा अनुभव असेल तर जरूर लिहा.

तुषार_अटलांटा

सायली, सर्वांत आधी डिस्नीचं ॲप उतरवून घे, तिकिटं त्यात जोडून टाक. तिकिटाचे दर तारखेनुसार बदलतात. चारही पार्कांत हेच बहुतेक वेळा स्वस्त पडतं, पण सुट्टीच्या दिवसांत तेही बरंच चढतं. आठवड्याच्या मधला वार मिळाला तर बघ. तीन ते नऊ वयाला मुलांचं तिकीट लागतं, त्यामुळे तुझी दोन्ही मुलं त्यात बसतात.

लेकीसाठी: पँडोरातली (म्हणजे 'अवतार' चित्रपटावरच्या भागातली) फ्लाइट ऑफ पॅसेज आणि एक्स्पिडिशन एव्हरेस्ट, दोन्हींना ४४ इंच उंची लागते. काली रिव्हर रॅपिड्सला ३८, म्हणजे धाकटाही तिथे चालेल. डायनोलँडकडे वळू नका, तो भाग बंद करून तिथे नवं बांधकाम काढलंय, २०२७ मध्ये उघडणार आहे.

माझं म्हणणं, पार्क उघडायच्या पाऊण तास आधी गेटवर हजर राहा आणि उघडताच थेट फ्लाइट ऑफ पॅसेजकडे सुटा. नंतर दीड-दोन तासांची रांग लागते. ती राईड झाली की बाकीचा दिवस मोकळा.

रानवाट

सायली, तुझे बाबा वनखात्यातले म्हणून मुद्दाम सविस्तर लिहिते.

तुषार यांची सूचना राईडसाठी जाणाऱ्यांना बरोबर आहे. तुमच्या घराला मात्र ती उलटी पडेल. या पार्कात वेळापत्रक प्राण्यांचं असतं. जूनच्या फ्लोरिडात अकरानंतर कुठलंही शहाणं जनावर सावलीला जातं, आणि सावली ट्रकच्या रस्त्याला लागून असेलच असं नाही. म्हणून किलिमांजारो सफारी, म्हणजे प्राण्यांमधून उघड्या ट्रकने मारायची फेरी, सकाळी पहिल्या तासात घ्यायची. आणि जमलं तर संध्याकाळी किंवा पाऊस पडून गेल्यावर पुन्हा घ्यायची. तिला उंचीची अट नाही, साधारण वीस मिनिटं चालते. सकाळी तोच रस्ता वेगळा असतो आणि पावसानंतर वेगळा.

बाबांना आधी सांगून ठेव की ही सफारी म्हणजे ताडोबा नाही. जागा ११० एकर आहे, जंगल माणसाने उभं केलेलं आहे. फिरणारे बरेच लोक "हे सगळं खोटं" म्हणून मोकळे होतात. जंगलातली नोकरी केलेल्या माणसाला मात्र यातली खरी कारागिरी दिसेल. सिंह आणि हरणं एकाच माळावर असल्यासारखी दिसतात, पण मध्ये खंदक असतो आणि जमिनीचा उतार असा ठेवलाय की ट्रकमधून तो दिसत नाही. झाडाच्या ढोलीत, वारुळासारख्या उंचवट्यात चारा ठेवलेला असतो, म्हणून जनावर रस्त्याच्या बाजूला येऊन चरतं. रात्री बहुतेक प्राणी मागच्या निवाऱ्यात जातात. त्यांना ठरावीक आवाजाची सवय लावलेली असते, तो ऐकला की कळप आपणहून परततो. बाबांना हे बघायला सांग: कुंपण कुठे लपवलंय, पाणी कुठे ठेवलंय, कुठल्या झाडाला जाळी बांधलीय. माझे काका वनरक्षक होते, त्यांना घेऊन गेले होते तेव्हा त्यांचे डोळे सगळा वेळ तेच शोधत होते.

दुसरी गोष्ट, पायवाटा. गोरिला फॉल्स आणि महाराजा जंगल ट्रेक. रांग नाही, वेळ ठरलेली नाही, हवं तितकं थांबा. लोक राईडवरून राईडवर पळतात आणि या दोन वाटा दहा मिनिटांत उरकतात, त्याचं मला फार वाईट वाटतं. गोरिला फॉल्सला पाणघोडा काचेतून पाण्याखाली चालताना दिसतो. एवढं धूड तळाला पाय टेकत टेकत अलगद पुढे सरकतं आणि काचेजवळून जातं. मुलं तिथून हलत नाहीत.

मृणाल_व्ही

रानवाट, फार छान लिहिलंत. +१.

सायली, आईच्या खुर्चीबद्दल. माझ्या सासूबाईंनी आधी साफ नकार दिला होता. आम्ही "तुम्हाला चालवत नाही म्हणून" हा सूरच लावला नाही. गेटवरच खुर्ची भाड्याने घेतली, त्यात पाण्याच्या बाटल्या, रेनकोट, डबा ठेवला आणि ती ढकलत निघालो. अर्ध्या तासाने त्या स्वतःच म्हणाल्या, "मी जरा टेकते." नंतर उठल्या-बसल्या, पुन्हा चालल्या. दिवसभर बसायलाच हवं असं थोडंच आहे? माणूस दमला की बसतो, एवढंच.

हाताने ढकलायची साधी खुर्ची सफारीच्या ट्रकवर तशीच चढते, त्यासाठी वेगळी जागा आहे. बॅटरीची स्कूटर घेतली तर मात्र तिथे साध्या खुर्चीत बदलून बसावं लागतं. पँडोरातली नावी रिव्हर जर्नी सावकाश होडीची आहे, आईंना आवडेल, पण होडीत पाऊल टाकून उतरावं लागतं. गुडघ्याचा अंदाज घेऊन ठरवा. आणि सफारीचा रस्ता मुद्दाम खाचखळग्यांचा केलाय. मागच्या बाकावर दणके जास्त बसतात, तेव्हा चढवणाऱ्या कर्मचाऱ्याला "पुढे बसवा" म्हणून विनंती करा. ते ऐकतात.

अनिकेत_पुणे

मला थोडं वेगळं मांडायचंय. इतके पैसे देऊन बंदिस्त प्राणी बघायला जावंच का? आफ्रिकेतला हत्ती फ्लोरिडात ठेवायचा आणि भोवती राईड्स बांधायच्या, हे मला पटत नाही. कात्रजला किंवा भायखळ्याच्या राणीच्या बागेत गेलो तरी माझी तीच भावना होते. सायलीताईंच्या सहलीवर टीका नाही, पण विषय निघालाच आहे म्हणून लिहिलं.

रानवाट

अनिकेत, प्रश्न रास्त आहे आणि तो विचारायलाच हवा. मला जे ठाऊक आहे ते सांगते.

हे पार्क १९९८ साली २२ एप्रिलला, म्हणजे वसुंधरा दिनी उघडलं. अमेरिकेतली प्राणिसंग्रहालयं तपासणारी एझेडए नावाची संघटना आहे, तिची मान्यता त्याला आहे. त्या मान्यतेत प्रजननाचे एकत्रित कार्यक्रम येतात, म्हणजे कुठल्या संग्रहालयातला नर कुठल्या मादीसोबत ठेवायचा हे रक्ताचं नातं बघून ठरतं. युगांडातले गेंडे १९८३ पर्यंत शिकारीत पूर्ण संपले होते. २००६ मध्ये या पार्कातून दोन पांढरे गेंडे युगांडातल्या झिवा अभयारण्यात पाठवले. त्यातली मादी नंदी, तिला २००९ मध्ये पिल्लू झालं. नर केनियातून आलेला आणि मादी अमेरिकेतून, म्हणून पिल्लाचं नाव ओबामा ठेवलं.

पार्कात काही बंधनंही प्राण्यांसाठीच आहेत. रात्री फटाके नाहीत. फुगे विकत नाहीत. प्लास्टिकची स्ट्रॉ मिळत नाही, कागदाची देतात, कारण वाऱ्याने उडून ती चाऱ्यात गेली तर जनावराच्या जिवावर बेतू शकतं.

एवढ्याने तुमचा प्रश्न मिटतो असं मी म्हणत नाही. शंभर एकर हत्तीला कमीच. पण गेंडा जिथून नामशेष झाला तिथे तो परत पाठवता आला, तो कुठेतरी सांभाळला गेला म्हणून.

अनिकेत_पुणे

गेंड्यांचं माहीत नव्हतं. वाचतो त्याबद्दल. हत्तींबाबत माझं मत कायम आहे, पण उत्तर मनापासून दिलंत, आभार.

देवयानी_टॅम्पा

मी इथलीच, दीड तासावर राहते. कुणी बुश गार्डन्स सुचवायच्या आत लिहून टाकते: टॅम्पाचं बुश गार्डन्स पण प्राण्यांचंच आहे, १९५९ पासूनचं, ६५ एकरांचा सेरेंगेटी माळ आहे, जिराफ-झेब्रे आहेत. पण तिथल्या रोलर कोस्टर फार दणदणीत, मोठ्या मुलांच्या घरांनी तिकडे जावं. आजी-आजोबा आणि चार वर्षांचं पोर असेल तर ॲनिमल किंगडमच.

आता हवामान, कारण बाहेरून येणाऱ्यांना याचा अंदाज नसतो. जून ते सप्टेंबर इथे जवळजवळ रोज दुपारी ढग भरून येतात. दोन ते पाचच्या मध्ये कधीही धो-धो कोसळतो, अर्ध्या-पाऊण तासात थांबतो. वीज जवळ आली की उघड्यावरच्या राईड्स थांबवतात, सफारीसुद्धा. तेव्हा दुपारी छताखालचे शो ठेवा. फेस्टिव्हल ऑफ द लायन किंग अर्ध्या तासाचा आहे, आत थंडगार. प्रेक्षकांचे सिंह, हत्ती, जिराफ आणि रानडुक्कर असे चार गट करतात आणि प्रत्येक गटाने आपापला आवाज काढायचा असतो. तुमच्या चार वर्षांच्या साहेबांना घसा बसेपर्यंत ओरडायला मिळेल.

पाऊस आला की निम्मी गर्दी गाशा गुंडाळते. तुम्ही मात्र थांबा. सफारी पुन्हा सुरू झाली की लगेच जा. गारवा आलेला असतो, जनावरं उठून फिरायला लागतात.

स्वस्तातले रेनकोट घरूनच आणा, आत महाग पडतात. पायात ओले झाले तरी चालतील असे सॅंडल, आणि कोरडे मोजे जोडीला. कालीवर अंग नखशिखांत भिजतं, तेव्हा मुलांचा एकेक कपडा जास्तीचा ठेवा.

तुषार_अटलांटा

रानवाट यांचं पटलं. मग असं करता येईल: सायलीचा नवरा आणि लेक उघडताच फ्लाइट ऑफ पॅसेजला, बाकीचे थेट सफारीला. दोन्ही जमतं, नंतर आफ्रिकेच्या भागात भेटायचं.

सायली आणि नवरा दोघांनाही एव्हरेस्टवर बसायचं असेल तर रायडर स्विच मागा. एकजण लेकीसोबत जातो, दुसरा धाकट्याजवळ थांबतो, मग दुसऱ्याला पुन्हा रांगेत उभं राहावं लागत नाही. लेकीला दोघांसोबत दोनदा बसता येतं. गाडी अंधारात उलटी मागे जाते, हे लेकीला आधी सांगा की नको ते तुम्ही ठरवा. बाबांना हृदयाचा काही त्रास असेल तर एव्हरेस्ट नको.

लायटनिंग लेनचे (जादा पैसे भरून छोट्या रांगेतून जायची सोय) पैसे खर्चायचे असतील तर डिस्नीच्या हॉटेलात राहणाऱ्यांना सात दिवस आधी आणि बाहेर राहणाऱ्यांना तीन दिवस आधी घेता येते. फ्लाइट ऑफ पॅसेजचे पैसे वेगळे. तुमच्या बेतात मला ते गरजेचं वाटत नाही.

शर्वरी_ह्यूस्टन

खाण्याबद्दल मी लिहिते, कारण माझे आई-वडील दोघेही काटेकोर शाकाहारी.

बाहेरचं खाणं आत न्यायला परवानगी आहे. काचेची बाटली-बरणी नको, दारू नको, सुटा बर्फ नको, गोठवायचे पॅक चालतात. मी दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, कोरडी लसणाची चटणी, मेतकूट-पोहे आणि राजगिऱ्याच्या वड्या नेल्या होत्या. दह्या-दुधाचं काही नेऊ नका, उन्हात टिकत नाही. काउंटर असलेल्या खाण्याच्या ठिकाणी थंड पाण्याचा ग्लास फुकट मिळतो, नुसता मागायचा. बेबी केअर सेंटरमध्ये मायक्रोवेव्ह आहे, धाकट्याचा खिमट-भात गरम करता येतो, आणि बसायला शांत, गार जागा मिळते.

आतलं खायचं तर पँडोरातल्या सातुली कॅन्टीनमध्ये भाताचा वाडगा आपण सांगू तसा बनवून देतात, टोफूचा मिळतो. अंडं नको असेल तर काउंटरवर सांगा, शेफ बाहेर येऊन विचारतो कशात काय आहे.

आणि खरं सांगू? रात्रीचं जेवण सना नावाच्या रेस्टॉरंटला ठेवा. पार्कच्या बाहेर, ॲनिमल किंगडम लॉजच्या किदानी व्हिलेजमध्ये आहे. पार्कचं तिकीट लागत नाही, पण टेबलाचं बुकिंग साठ दिवस आधी उघडतं, तेव्हा लगेच घ्या. आफ्रिकी आणि भारतीय चवींची सांगड घातलीय. पाच प्रकारच्या रोट्या आणि सोबत नऊ प्रकारच्या चटण्या-रायती असं एक मोठं ताट मिळतं, त्यात घरातल्या सगळ्यांचं भागतं. खिडकीबाहेर माळ आहे, जिराफ चरत असतात. उजेड असतानाचं टेबल मिळालं पाहिजे, अंधार पडला की बाहेरचं दिसत नाही.

सायली_केरी

किती मनापासून लिहिलंय सगळ्यांनी. मी सगळं वहीत उतरवलं, आणि बाबांना वाचून दाखवलं. गेंड्यांचं ऐकून ते म्हणाले, "त्या युगांडाच्या गेंड्यांचं पुढे काय झालं ते शोध." आता रोज विचारतात.

सनाचं टेबल संध्याकाळी साडेसहाचं मिळालं. देवयानी, पावसाचं लिहिलंत ते फार उपयोगी.

बाबांचा एक प्रश्न आहे: तिथे वाघ आहे का आणि कुठला?

रानवाट

आहे. महाराजा जंगल ट्रेकला. सुमात्राचा वाघ, आपला बंगाली नाही. बाबांना लगेच ओळखू येईल: अंगाने लहान, पट्टे जवळजवळ आणि दाट. सुमात्राचा नर शंभर ते दीडशे किलोच्या आतबाहेर, आपल्या ताडोबातला नर दोनशेच्या पुढे.

ती वाट आशियाच्या भागात आहे. आनंदपूर नावाचं काल्पनिक गाव वसवलंय, त्यात पडका राजवाडा, आणि वाघ त्या राजवाड्याच्या अंगणात राहतात. काचेतून बघायचं. सकाळीच जायचं, दुपारी ते कोपऱ्यात पडून असतात. पुढे काळवीट आहेत. रेहेकुरीला ज्यांनी काळवीट पाहिलेत त्यांना ओळखीचं माणूस परगावी भेटावं तसं वाटेल. वटवाघळंही आहेत, फळं खाणारी मोठी. जाळीशिवाय मोकळी खिडकी आहे, ती घाबरणाऱ्याने टाळावी, वाट बाजूने जाते.

लेकीसाठी एक: वाइल्डरनेस एक्सप्लोरर्स. दारातून आत गेल्यावर ओॲसिस ओलांडलं की पूल लागतो, तिथे वही फुकट मिळते. पार्कभर कर्मचारी उभे असतात, ते प्राण्याबद्दल काहीतरी विचारतात-शिकवतात आणि वहीत चिकटवायला बिल्ला देतात. नऊ वर्षांच्या मुलीला आजोबा सोबत असतील तर याच्याइतकं चांगलं काहीच नाही.

आणि ओॲसिसमध्येच लोक धावत सुटतात. तिथे जायंट अँटईटर आहे, वाकड्या सुळ्यांची बाबिरुसा डुकरं आहेत. सफारीहून परतताना का होईना, पण थांबा.

मधलं मोठं झाड १४५ फुटांचं आहे. आतला सांगाडा समुद्रात तेल काढायला उभारतात तसल्या मनोऱ्याचा आहे, खोडावर तीनशेहून अधिक प्राणी कोरलेत. त्यातला एक चिंपँझी, चिंपँझींच्या अभ्यासक जेन गुडॉल यांनी विचारल्यावर नंतर कोरला, डेव्हिड ग्रेबिअर्ड, ज्याने त्यांना टांझानियातल्या गोंबेच्या जंगलात पहिल्यांदा जवळ येऊ दिलं तो. मुलांना तो शोधायला लावा.

मृणाल_व्ही

सायली, जाऊन आलीस की इथे नक्की लिही. पुढे जाणाऱ्यांना उपयोग होईल.

सायली_केरी

आलो काल रात्री. लिहिल्याशिवाय राहवेना.

तुषार यांच्या बेताप्रमाणे नवरा आणि लेक फ्लाइट ऑफ पॅसेजला गेले, आम्ही चौघं सफारीला. गेटवरच खुर्ची घेतली, मृणालने सांगितलं तसंच केलं. आधी डबा आणि छत्र्या बसल्या, पुढे आफ्रिकेच्या वळणावर आई बसली. कुणी काही बोललं नाही. ट्रकमध्ये पुढचा बाक मिळाला.

जिराफ पहिल्या वळणानंतर लगेच होता, रस्त्यावरच. ट्रक थांबवावा लागला. बाबांच्या बाजूने तो गेला, इतका जवळून की त्याच्या गुडघ्यावरचे घट्टे दिसत होते. बाबा त्याच्याकडे न बघता खाली बघायला लागले. मी म्हटलं, काय झालं? म्हणाले, "खूर बघतोय. मऊ जमीन ठेवलीय, खूर नीट झिजत नसणार, कापावे लागत असतील." ट्रक चालवणाऱ्या मुलीला नंतर विचारलं, तर तिने सांगितलं की खुरांची निगा राखावीच लागते, त्यासाठी जिराफांना शांत उभं राहायची सवय लावतात. बाबा तिच्याशी बोलले ते मी मध्ये इंग्रजी करून सांगत होते, दोघांचं फार छान जुळलं. मागे रांग लागली म्हणून उतरावं लागलं.

वाघ दोन दिसले, एक पाण्यात बसलेला. बाबा काचेजवळ बराच वेळ उभे होते. पोराने विचारलं, "आजोबा, हा तुमच्या जंगलातला आहे का?" बाबा त्याला उचलून घेऊन पट्टे दाखवत होते: हा बघ किती जवळ जवळ आहे, आपला असता तर इथे एवढं अंतर असतं. आसपासची दोन गोरी मुलंही तिथे येऊन उभी राहिली, भाषा कळत नव्हती पण बोट कुठे जातंय ते बघत होती.

दुपारी तीनला आभाळ फाटलं. काली बंद, सफारी बंद. आम्ही एका छपराखाली बसून दशम्या आणि चटणी खाल्ली. लेकीने वहीतले बिल्ले आजीला एकेक करून समजावून सांगितले. तिने एव्हरेस्टही केलं, दोनदा. पण घरी फोनवर मैत्रिणीला सांगत होती ते पाणघोड्याचं.

पाऊस थांबल्यावर देवयानीचं ऐकून पुन्हा सफारीला गेलो. सकाळी खडकावर निजलेले सिंह आता उभे होते आणि नर फिरत होता. गेंडे चिखलात होते. सकाळच्या आणि या फेरीत जमीन-अस्मानाचा फरक.

सनाला आईने नऊच्या नऊ चटण्या चाखल्या. एक कच्च्या कैरीची तिला इतकी आवडली की वाढणाऱ्याला विचारून घेतलं त्यात काय आहे. अंडं कुठल्या रोटीत आहे तेही त्यांनी नीट सांगितलं.

एक सूचना पुढच्यांना: दुपारी हॉटेलवर परत जायचा विचार आम्ही आधी केला होता. तसं करू नका. येण्या-जाण्यात दीड तास जातो आणि पावसानंतरची वेळ हातची जाते. आत शो, बेबी केअर, छपराखालच्या जागा आहेत, तिथेच विसावा घ्या.

नेहा_फ्रिस्को

सायली, वाचून फार आनंद झाला. आम्ही डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जातोय, सासू-सासरे आणि दीड वर्षाचं बाळ. तेव्हा पण सकाळी लवकरच सफारी का? आणि बाळाला सफारीवर नेता येतं का?

देवयानी_टॅम्पा

नेहा, बाळाला नेता येतं, मांडीवर घेऊन बसायचं. स्ट्रोलर बाहेर ठेवावा लागतो, तो ३१ बाय ५२ इंचांपेक्षा मोठा नको, ओढायच्या गाड्या आत सोडत नाहीत. तीन वर्षांखालच्याला तिकीट नाही.

डिसेंबरात ऊन सौम्य असतं, त्यामुळे जनावरं दुपारीही बाहेर दिसतात. पण तो आठवडा वर्षातला सर्वांत गर्दीचा, म्हणून सकाळी लवकर हे कायमच. सकाळी थंडी वाजते, ट्रक उघडा असतो, बाळाला टोपी आणि सासूबाईंना शाल लागेल. दिवस लहान, सफारी अंधार पडायच्या आत बंद होते. संध्याकाळची फेरी घ्यायची असेल तर ॲपमध्ये शेवटची वेळ सकाळीच बघून ठेवा.

नेहा_फ्रिस्को

सनाचं टेबल मग दुपारचं घ्यावं का?

शर्वरी_ह्यूस्टन

हो, डिसेंबरात दुपारचंच घे. साडेपाचला अंधारतं. बारा-साडेबाराचं मिळालं तर उत्तम, सकाळी सफारी आणि वाघ उरकून तिकडे जाता येईल. साठ दिवस आधी सकाळी सहाला टेबलं उघडतात, गजर लावून ठेव.